स्पाची चोवीस तासांची शर्यत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेल्जियममधील स्पा-फ्राँकोरशाँ सर्किटवर दरवर्षी होणाऱ्या चोवीस तासांच्या जीटी (ग्रँड टुरिंग, उत्तर ३ पाहा) शर्यतीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, तर पुढचे नियमांच्या खाचाखोचांचे. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी आला तर दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. ही शर्यत नेमकी काय आहे?

पूर्व बेल्जियममधील आर्देनच्या डोंगराळ, दाट झाडीच्या भागात ७.००४ किलोमीटर लांबीचे एक सर्किट आहे. त्यावर साठ-सत्तर स्पोर्ट्स गाड्या शनिवारी दुपारी साडेचारच्या सुमारास धावू लागतात आणि रविवारी त्याच वेळेला थांबतात. ही शर्यत प्रथम १९२४ साली, म्हणजे फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या पहिल्या शर्यतीनंतर अवघ्या एका वर्षाने, बेल्जियमच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबने भरवली. आज ती एसआरओ या संस्थेच्या जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोप मालिकेतील सर्वांत मोठी शर्यत आहे. पूर्वी ती बहुधा जुलैच्या अखेरीस होत असे, अलीकडे जूनच्या शेवटी होते.

२. ‘स्पा’ म्हणजे मालिश-बाष्पस्नानवाले स्पाच का?

होय, नाते खरे आहे, फक्त उलट्या दिशेने. स्पा हे तेथील औषधी झऱ्यांचे जुने गाव असून त्या गावाच्या नावावरूनच जगभरच्या स्नानगृहांना ‘स्पा’ हे नाव पडले. सर्किट मात्र गावात नाही. ते फ्राँकोरशाँ, माल्मेडी आणि स्टॅव्हलो यांच्या मधल्या टापूत आहे. शर्यतीच्या आठवड्यात स्पर्धेतील गाड्या साध्या रस्त्यावरून मिरवत स्पा गावात येतात, तेवढ्यापुरते गाव आणि शर्यत एकत्र येतात.

३. ‘ग्रँड टुरिंग’ गाडी म्हणजे कोणती? ती फॉर्म्युला वनच्या गाडीपेक्षा वेगळी कशी?

ग्रँड टुरिंग, म्हणजेच जीटी, ही मूळची लांबच्या प्रवासाला निघणारी वेगवान, छत असलेली, दोन दारांची गाडी. फॉर्म्युला वनची गाडी केवळ शर्यतीसाठी जन्माला येते. जीटी गाडीचा मूळ साचा मात्र शोरूममध्ये विकत मिळतो. स्पामध्ये धावतात त्या २००६ साली सुरू झालेल्या जीटी३ या प्रकारातल्या गाड्या. पोर्श ९११ जीटी३ आर, फेरारी २९६ जीटी३, मर्सिडीज-एएमजी जीटी३, बीएमडब्ल्यू एम४ जीटी३, लॅम्बोर्गिनी हुराकान, अॅस्टन मार्टिन व्हँटेज, फोर्ड मस्टँग ही त्यांतली ठळक नावे.

शर्यतीसाठी गाडीचा अंतर्भाग पूर्ण रिकामा करून त्यात पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात. इंजिन सहसा त्याच कंपनीचे असते, पण नियमांपायी उलटसुलट गमती होतात. रस्त्यावरची फेरारी २९६ हायब्रिड आहे, शर्यतीच्या गाडीतून मात्र तो विजेचा भाग काढून टाकलेला असतो. एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाके घसरू न देणारी यंत्रणा) यांना मुभा आहे, त्यामुळे हौशी चालकालाही ही गाडी हाताळता येते. या शर्यतीची सगळी अर्थव्यवस्था त्याच एका गोष्टीवर उभी आहे (उत्तर ६ पाहा).

४. एकच माणूस चोवीस तास गाडी चालवतो का?

नाही. एका गाडीसाठी तीन किंवा चार चालक असतात. चालकाच्या एका पाळीला ६५ मिनिटांची कमाल मर्यादा असते आणि त्याने सलग किती व एकूण किती वेळ गाडी चालवावी यावरही बंधन असते. एक चालक पाळी संपवून आला की घामाने भिजलेला पोशाख बदलतो, काही खातो, मालिश करून घेतो आणि दोन-तीन तास डोळा लागतो का ते पाहतो. भिंतीपलीकडे साठ इंजिने गरजत असताना झोप लागणे ही सुद्धा एक कला आहे, असे चालक गमतीने सांगतात. गाडी मात्र एकच असते. तिचे सुटे भाग बदलता येतात, मोडलेला पुढचा बंपर किंवा सस्पेन्शन नवे बसवता येते, पण मधेच दुसरी गाडी आणता येत नाही.

५. विजेता कसा ठरतो? अंतर आधी ठरलेले असते का?

ठरलेली असते ती वेळ, अंतर नव्हे. चोवीस तास पूर्ण झाल्यावर ज्या गाडीच्या फेऱ्या सर्वाधिक, ती विजेती. फेऱ्या सारख्या असतील तर अंतिम रेषा आधी ओलांडणारी. चांगल्या गाडीची एक फेरी साधारण दोन मिनिटे वीस सेकंदांत होते. हवा कोरडी असली आणि फार व्यत्यय आले नाहीत, तर विजेत्या गाडीच्या पाचशेहून अधिक फेऱ्या, म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर होतात. मुंबईहून दिल्लीला जायचे, परत यायचे आणि त्याच दमात पुन्हा नागपूर गाठायचे, असा हा हिशोब आहे, आणि तोही एका दिवसात.

६. टीव्हीवर पंधराव्या क्रमांकाच्या गाडीचा संघही जल्लोष करताना दिसतो. असे का?

कारण एकाच वेळी अनेक शर्यती चालू असतात. गाड्या सगळ्या जीटी३च, पण चालकांच्या दर्जाप्रमाणे त्यांचे वर्ग पाडलेले असतात. एफआयए ही जागतिक संस्था चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा श्रेणी देते. प्लॅटिनम म्हणजे कसलेले व्यावसायिक, तर ब्राँझ म्हणजे बहुधा स्वतःचा उद्योगधंदा सांभाळून शर्यतीत उतरणारे हौशी लोक. संपूर्ण व्यावसायिकांच्या गाड्या प्रो वर्गात, बाकीच्या गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि प्रो-अॅम या चषकांसाठी धावतात. पंधराव्या क्रमांकावर आलेली गाडी आपल्या वर्गात पहिली असू शकते.

हौशी चालकांना काही प्रेक्षक अडथळा समजतात, तो समज चुकीचा आहे. बऱ्याच संघांचा खर्च हेच लोक उचलतात, आणि रात्री तीन वाजता पावसात त्यांना सावधपणे ओलांडणे हे व्यावसायिकाचे निम्मे काम असते. साठ-सत्तर गाड्या सात किलोमीटरवर पसरल्या की दर शंभर-सव्वाशे मीटरला एक गाडी येते. मोकळा रस्ता असा कोणालाच मिळत नाही.

७. ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ म्हणजे काय? सगळ्या गाड्या मुद्दाम सारख्या करायच्या असतील तर स्पर्धा कसली?

सर्वांत जास्त आणि सर्वांत तावातावाने विचारला जाणारा प्रश्न हाच. मर्सिडीजचे इंजिन ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरचे आणि पुढच्या बाजूला. फेरारीचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन टर्बो असलेले आणि चालकाच्या पाठीशी. पोर्शचे तर थेट मागच्या चाकांच्याही मागे. इतक्या वेगळ्या घडणीच्या गाड्या मोकळ्या सोडल्या तर त्यांतली एखादी एकतर्फी जिंकेल, बाकीच्या कंपन्या दोन वर्षांत निघून जातील आणि उरलेल्यांचा खर्च अवाच्या सवा वाढेल. म्हणून आयोजक चाचण्यांतून मिळालेली माहिती तपासून प्रत्येक मॉडेलसाठी किमान वजन, इंजिनात जाणाऱ्या हवेवरचे निर्बंध, टर्बोचा दाब, जमिनीपासूनची उंची अशा गोष्टी ठरवून देतात. यालाच बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, थोडक्यात बीओपी, म्हणतात. सर्किट बदलले की आकडेही बदलतात, कारण लांब सरळ पट्ट्यावर ताकद कामाला येते आणि वळणांवर पकड.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. बीओपीने गाड्यांची क्षमता जवळ येते, संघांची येत नाही. टायर किती वेळ टिकवायचे, पाऊस येण्याआधी पिटमध्ये (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेत) जायचे की नंतर, ब्रेक कधी बदलायचे, कोणत्या चालकाला पहाटेची पाळी द्यायची, या निर्णयांना कोणी वजन बांधत नाही. तरीही व्यवस्था निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. सरावात मुद्दाम हळू धावून सवलत उकळण्याचा मोह संघांना असतो, आणि तसा संशय दरवर्षी कोणा ना कोणावर घेतला जातोच. आमच्या मते ही औषधाची कडू मात्रा आहे, पण तिच्याशिवाय सुरुवातीच्या रांगेत नऊ-दहा कंपन्या दिसल्या नसत्या.

८. पिट स्टॉपमध्ये नेमके काय होते? फॉर्म्युला वनसारखे दोन सेकंदांत का उरकत नाहीत?

कारण येथे इंधन भरायचे असते, चालक बदलायचा असतो, आणि इंधन भरताना टायरला हात लावण्यास मनाई असते. गाडी थांबते न थांबते तोच दार उघडते. आतला चालक पट्टे सोडत, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी काढत बाहेर येतो. स्वतःच्या मापाचे आसनाचे अस्तर त्याच्या काखोटीला असते. नवा चालक आपले अस्तर टाकून आत घुसतो, आणि जुना चालक निघून न जाता वाकून त्याचे पट्टे आवळून देतो, वायर जोडून देतो. तोवर इंधन भरून झालेले असते. मग एक जण गाडीच्या मागच्या बाजूला दाबलेल्या हवेची नळी खोचतो, गाडीतलेच जॅक खाली उतरून चारही चाके अधांतरी होतात, आणि चाके बदलून झाली की नळी काढताच गाडी धाडकन जमिनीवर आदळते आणि निघते.

याखेरीज एकदा सक्तीचा, काही मिनिटांचा तांत्रिक थांबा घ्यावा लागतो. त्यात बहुतेक संघ ब्रेक डिस्क आणि पॅड बदलतात. तो केव्हा घ्यायचा यावर शर्यती जिंकल्या आणि हरल्या गेल्या आहेत (उत्तर १२ पाहा).

९. ओ रूझ आणि रेदियाँ ही एकाच वळणाची दोन नावे आहेत का?

नाहीत, पण समालोचकही गल्लत करतात. ओ रूझ, म्हणजे ‘लाल पाणी’, हे एका ओढ्याचे नाव. पाण्यातल्या लोहामुळे त्याचा तळ तांबूस दिसतो. ला सूर्सच्या काटकोनापेक्षाही तीव्र वळणावरून गाड्या उतारावर सुटतात आणि तळाशी त्या ओढ्यावरून डावीकडे झुकतात, ते ओ रूझ. त्यानंतर लगेच उजवीकडे वळत, भिंतीसारखा चढ चढत, माथ्यावर पुन्हा डावीकडे जाणारा जो भाग आहे तो रेदियाँ, म्हणजे ‘उभा चढ’. हा तुकडा १९३९ साली बांधला. त्याआधी रस्ता खालून जुन्या जकात नाक्याकडे वळत असे, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीची हद्द तेथून सुरू होत होती.

माथ्यापलीकडचे चालकाला काहीही दिसत नाही, आणि धोक्याचे मूळ तेच आहे. एखादी गाडी माथ्यावर आदळून रस्त्यात परत आली तर मागून येणाऱ्याला ती फार उशिरा दिसते. २०२१ च्या चोवीस तासांच्या शर्यतीत सुरुवातीलाच असा चार गाड्यांचा भीषण अपघात झाला, आणि त्यात जॅक एटकेन यांच्या गळपट्टीच्या हाडाला व मणक्याला, तर दाविदे रिगोन यांच्या मणक्याला इजा झाली. त्याआधी २०१९ मध्ये फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान ह्युबेर या तरुण चालकाचा याच जागेपाशी मृत्यू झाला होता. २०२२ च्या हंगामापूर्वी बाजूची मोकळी जागा रुंदावली आणि काही वळणांवर वाळू-खडीचे पट्टे पुन्हा आणले. धोका त्यामुळे कमी झाला आहे, संपलेला नाही.

१०. स्पाच्या पावसाचा एवढा बोलबाला का?

सर्किट सात किलोमीटर पसरलेले, सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागेत सुमारे शंभर मीटरचा फरक, आणि भोवती डोंगर व जंगल. त्यामुळे ला सूर्सला ऊन आणि स्टॅव्हलोच्या बाजूला धो-धो पाऊस, असे खरोखर घडते. लोणावळ्याच्या घाटात एका वळणापुरत्या सरी अनुभवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. प्रश्न टायरचा येतो, कारण अर्ध्या ओल्या रस्त्यावर कोरडे टायर घसरतात आणि पावसाळी टायर कोरड्या भागावर तापून झिजतात.

उदाहरण म्हणून २०२१ चा शेवट पाहावा. शेवटच्या तासात पाऊस आला, ऑडीचे द्रीस व्हानथोर पुढे होते आणि आलेस्सांद्रो पिएर ग्विदी यांची फेरारी मागून येत होती. दहा मिनिटेही उरली नसताना पिएर ग्विदी यांनी ब्लांशिमाँ या अत्यंत वेगवान डाव्या वळणावर, ओल्या रस्त्यावर, बाहेरच्या बाजूने ऑडीला मागे टाकले. शहाणा माणूस जेथे कोरड्यातही हा प्रयत्न करणार नाही, तेथे. चोवीस तासांनंतर दोन्ही गाड्यांत सुमारे चार सेकंदांचे अंतर होते.

११. अतिपावसाने शर्यत थांबवली तर तेवढा वेळ पुढे वाढवून मिळतो का?

नाही. लाल बावटा दाखवून गाड्या थांबवल्या तरी घड्याळ चालूच राहते. २०१९ मध्ये पावसामुळे शर्यत जवळपास सहा तास थांबली होती, तरी ती ठरल्या वेळीच संपली. विजेत्या पोर्शच्या केवळ ३६३ फेऱ्या झाल्या, इतर वर्षी हा आकडा बहुधा पाचशेच्या पुढे जातो. त्यामुळे फेऱ्यांचे विक्रम वर्षावर्षांत ताडून पाहण्यात अर्थ नाही.

१२. सेफ्टी कार आली की कोणाचा फायदा होतो? हे अन्यायाचे नाही का?

अपघात झाला की आधी संपूर्ण सर्किटवर पिवळा इशारा लागून सर्वांना ताशी ८० किलोमीटरने चालावे लागते, आणि मग गरज असल्यास सेफ्टी कार पुढे येऊन रांग लावते. सर्व जण हळू चालत असताना पिटमध्ये जाणाऱ्याचा तोटा बराच कमी होतो, कारण तेवढ्या वेळात इतर गाड्या फार पुढे जात नाहीत. त्याउलट जो संघ इशाऱ्याच्या मिनिटभर आधी पिटमध्ये जाऊन आला, त्याला पूर्ण वेगाने धावणाऱ्यांपुढे वेळ गमवावा लागलेला असतो. त्यात नशीब आहे, हे मान्य करावे लागते. पण हुशार संघ इंधन आणि पाळ्यांची मांडणी अशी ठेवतात की इशारा केव्हाही आला तरी पिटमध्ये जाण्याचा पर्याय हाताशी राहावा.

१३. अठराव्या तासाला बंद पडलेल्या गाडीलाही गुण मिळाले, ही चूक आहे का?

चूक नाही. मालिकेच्या गुणतक्त्यासाठी सहा तास, बारा तास आणि अखेर अशा तीन टप्प्यांवर गुण दिले जातात. बाराव्या तासाला आघाडीवर असलेली गाडी नंतर बंद पडली तरी ते गुण तिचेच राहतात. शर्यतीच्या विजेतेपदाशी मात्र या टप्प्यांचा काही संबंध नाही. तेथे उत्तर ५ मधला नियमच लागू होतो.

१४. ल माँ आणि जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथेही चोवीस तासांच्या शर्यती आहेत. मग फरक काय?

ल माँमध्ये जीटी३ गाड्या २०२४ पासून आहेत, पण एकूण विजेतेपद त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान हायपरकार गाड्यांकडे जाते. न्यूर्बुर्गरिंगला पंचवीस किलोमीटरहून लांब रस्त्यावर जीटी३सोबत लहानसहान गाड्याही मिळून शंभराहून अधिक गाड्या धावतात. स्पामध्ये सर्व गाड्या एकाच प्रकारच्या असल्याने विजेतेपदासाठी वीस-पंचवीस गाड्यांचा दावा खरा असतो. झुंजीच्या दृष्टीने आम्ही स्पाला वरचा क्रमांक देतो. माहोलाच्या दृष्टीने न्यूर्बुर्गरिंगचे चाहते वाद घालतील, आणि त्यांना घालू द्यावा.

१५. ही शर्यत पहिल्यापासून जीटी गाड्यांचीच होती का?

नव्हती. १९२४ ची पहिली शर्यत आंरी स्प्रिंगुएल आणि मॉरिस बेके यांनी बिन्याँ या फ्रेंच गाडीतून जिंकली, तेव्हा सर्किट आजच्या दुपटीहून लांब आणि पूर्णपणे सार्वजनिक रस्त्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ती १९४८, १९४९ आणि १९५३ एवढ्याच वर्षी झाली, आणि १९६४ साली परतली ती टुरिंग गाड्यांची, म्हणजे चार माणसे बसतील अशा सेडानवजा गाड्यांची, शर्यत म्हणून. १९७३ च्या शर्यतीत तीन चालकांचे प्राण गेले. १९७९ पासून सर्किट सात किलोमीटरच्या घरात आले. जीटी गाड्या २००१ साली आल्या, आणि २०११ पासून शर्यत जीटी३च्या नियमांवर चालते.

१६. सर्वाधिक विजय कोणाचे?

कंपन्यांत बीएमडब्ल्यूचे, २०२३ चा धरून पंचवीस. त्यांतले बहुतेक टुरिंग गाड्यांच्या काळातले. चालकांत बेल्जियमचे एरिक व्हान दे पूल यांचे पाच. शतकमहोत्सवी २०२४ ची शर्यत अॅस्टन मार्टिनने जिंकली, त्या कंपनीचा आधीचा विजय १९४८ चा होता. २०२५ मध्ये लॅम्बोर्गिनीने पहिल्यांदाच बाजी मारली.

१७. अभिनेते अजित कुमार यांच्या संघाने पदक मिळवले ती हीच शर्यत का?

नाही. त्यांच्या संघाने जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पोर्श ९९१ या वर्गात तिसरा क्रमांक मिळवला. ती वेगळ्या आयोजकांची वेगळी मालिका आहे. भारतीयांपैकी जीटी३ गाडी नियमित चालवणाऱ्यांत बंगळूरूचे अर्जुन मैनी यांचे नाव घ्यावे लागेल. २०२१ पासून ते जर्मनीच्या डीटीएम मालिकेत याच प्रकारची गाडी चालवत आले आहेत.

१८. युरोपात राहतो. प्रत्यक्ष पाहायला जायचे तर काय लक्षात ठेवावे?

कोलोन, आइंडहोव्हन किंवा ब्रसेल्सहून मोटारीने दीड-दोन तासांत पोहोचता येते. साध्या तिकिटावर सर्किटभोवती बरेच फिरता येते, पण चढ-उतार दमवणारे आहेत, त्यामुळे बूट चांगले हवेत. जून असला तरी रेनकोट आणि रात्रीसाठी उबदार कपडे न्यावेत. लहान मुलांसाठी कान झाकण्याची सोय विसरू नये. भाग फ्रेंचभाषक आहे, पण इंग्रजीवर निभावते.

१९. भारतातून कोठे आणि केव्हा पाहता येईल? पूर्ण चोवीस तास बसणे शक्य नाही.

जीटी वर्ल्ड या यूट्यूब वाहिनीवर ती इंग्रजी समालोचनासह विनामूल्य दाखवली जाते. तेथील दुपारचे साडेचार म्हणजे आपल्याकडचे शनिवारचे रात्रीचे आठ. जेवताना सुरुवातीचा तास पाहावा, कारण साठ गाड्या प्रथमच एकत्र रेदियाँ चढतात तो क्षण चुकवू नये. तेथे जूनमध्ये अंधार पडायला दहा वाजतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. तेव्हा खुशाल झोपावे. सकाळी नऊच्या सुमारास, चहा-पोहे समोर असताना, तेथे उजाडत असते, धुके विरत असते, आणि रात्रभरात कोण शिल्लक राहिले ते पहिल्यांदा उजेडात दिसते. शेवटचे दोन तास म्हणजे आपले रविवारचे संध्याकाळचे सहा ते आठ. त्या वेळेत पाहुण्यांना बोलावू नये.